सुट्टे वजाबाकीने नाही, पुढे मोजून द्या

किराणा दुकानात नव्याने बसवलेल्या मुलांच्या हाती कॅल्क्युलेटर देऊन मालक निर्धास्त होतात, हे मला अजिबात पटत नाही. यंत्राची बेरीज चुकत नाही, पण आकडा दाबणारं बोट चुकतं. 400 रुपये किलोचं जिरं 75 ग्रॅम दिलं की .075 दाबायचं असतं. घाईत .75 दाबलं की 30 रुपयांचे 300 होतात. 100 ग्रॅमचे 40 हे डोक्यात असेल, तर ही चूक तिथल्या तिथे दिसते.

म्हणून आधी तोंडी अंदाज यायला हवा. तूरडाळ 140 रुपये किलो, हवी पाऊण किलो: निम्मे 70, त्याचे निम्मे 35, झाले 105. साखर 44 ची, अडीच किलो: 88 आणि 22, म्हणजे 110. शेंगदाणे 132 चे, पाव किलो: निम्म्याचे निम्मे 33. एकूण 248. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे, पाठ असलेली जुनी माणसं हे बोलता बोलता करायची. शाळांनी हे पाढे सोडून दिले, हे मोठं नुकसान आहे.

आता गिऱ्हाइकाने 500 ची नोट दिली. 500 मधून 248 वजा करायला गेलं की हातचा घेण्यात गोंधळ होतो. त्यापेक्षा 248 पासून पुढे चला: 2 रुपये ठेवले, 250, पन्नासची नोट, 300, दोनशेची नोट, 500. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने बोला, म्हणजे समोरचाही मोजतो. सुट्टे त्याच्या हातात पडेपर्यंत त्याची नोट गल्ल्यात टाकू नका, बाहेरच राहू द्या. "मी पाचशे दिले होते" हा वाद तिथेच मिटतो. संध्याकाळच्या दिव्यात वीस आणि दोनशेच्या नोटांवर विशेष लक्ष ठेवा, दोन्ही पिवळट दिसतात.

खरी फसगत होते ती गिऱ्हाईक मध्येच "थांबा, वरचे 48 सुटे देतो" म्हणतं तेव्हा. अशा वेळी काढलेले सुट्टे परत गल्ल्यात ठेवा आणि नव्याने सुरुवात करा: 548 आले, 300 द्यायचे. आधीच्या हिशेबाला ठिगळ लावू नका.

रात्री गल्ला जुळला नाही आणि फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर वहीत उलटे लिहिलेले आकडे आधी शोधा. 64 चे 46 झाले की बरोबर 18 चा फरक पडतो.