‘नाडी लागते ना, मग डॉपलर कशाला?’

डायलिसिसच्या रुग्णांमध्ये एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय की हातातल्या धमन्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, मनगटाला नाडी लागली की फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) करता येतो, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हा फुकटचा खर्च. फिस्टुला चालला नाही तर सर्जनचा हात कच्चा. आणि धमनी ‘वेगळी’ निघालीच, तर फिस्टुला विसरून कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, ठेवा.

धमन्या सारख्या नसतात. दंडातली मोठी धमनी कोपराच्या खोबणीत येऊन दुभंगते, हे झालं पुस्तकातलं चित्र. ढोबळमानाने दहातल्या एका हातात ती आधीच, दंडात किंवा थेट काखेपाशी, दुभंगलेली असते. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो, कारण हाताचं काहीच अडत नाही. एकाच माणसाचे दोन हातही वेगळे निघू शकतात.

नाडीचं म्हणाल, तर रक्त मनगटापर्यंत पोचतंय एवढंच ती सांगते. धमनी किती रुंद आहे, तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय का, हे बोटांना नीट कळत नाही. आणि खरी मेख रुंदीतच आहे. दाब तोच असताना नळी दीडपट रुंद झाली, तर तत्त्वतः पाचपट रक्त वाहतं. वर दुभंगलेल्या हातात कोपराशी एकाऐवजी दोन धमन्या असतात, दोन्ही मूळ धमनीपेक्षा बारीक. त्यांतली कातडीजवळची आधी हाती लागते. तीच मुख्य समजून तिला शीर जोडली, तर प्रवाह कमी पडू शकतो. म्हणून डॉपलरचा प्रोब (कातडीवर फिरवायचा भाग) काखेपर्यंत फिरवायला हवा. नुसतं मनगट पाहून लिहिलेला रिपोर्ट मात्र खरोखरच फुकटचा खर्च, एवढं मी मान्य करतो.

‘१९६६ साली ब्रेसिया-सिमिनो या डॉक्टरांनी मनगटाचा फिस्टुला जगापुढे मांडला, तेव्हा कुठे होतं डॉपलर?’ असाही सवाल आहे. तेव्हाचे रुग्ण बहुतेक तरुण असत, मधुमेही फार थोडे; त्यामुळे धमन्या सहसा चांगल्या असत.

सर्जनच्या कौशल्याने फरक पडतो, हे खरंच. पण सलाईनच्या सुयांनी खराब झालेली शीर, कडक झालेली धमनी, उतरलेलं बीपी, जोडाजवळ नंतर आलेलं अरुंदपण, यांनीही फिस्टुला बंद पडतो.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे. कॅथेटरने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होऊ शकतात. मग त्या बाजूच्या हातात पुढे फिस्टुला करणंही अवघड. उलट धमनी वर दुभंगलेली असली, तरी मनगटाशी ती पुरेशी रुंद, म्हणजे निदान २ मिलिमीटर, आणि शीर चांगली असेल, तर तिथे नेहमीसारखाच फिस्टुला करता येतो. कोपराशी करायचा झाला, तर काही अभ्यासांत निकाल कमी चांगले दिसले, काहींत फरक दिसला नाही. तिथे एक फायदाही आहे: दोनांपैकी एकाच फाट्याला शीर जोडली, की दुसरा पंजाला रक्त देत राहतो.