“चालते ना, मग झालं!” : आयएसआय शिक्क्याबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

थंडी सुरू झाली की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो एकाच आठवड्यात तिघांनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: आयएसआय हा कंपन्यांनी पैसे भरून घेतलेला शिक्का आहे. माल तोच, फक्त किंमत दुप्पट. म्हणून पाणी तापवायची रॉड, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड बिनशिक्क्याचं बिनधास्त घ्या. सीई छापलेलं असेल तर उत्तमच, तो आंतरराष्ट्रीय शिक्का आहे. घरात एमसीबी असेल तर शॉकची भीती नाही. तिसरी पिन नुसती दिखाऊ, काढली तरी वस्तू चालते. आणि शेवटी, आपल्या आजोबांनी कुठे शिक्के बघितले होते?

मी कराडला बावीस वर्षं वायरिंग आणि दुरुस्तीचं काम करतो. करंट लागलेल्या माणसाला फळीने बाजूला करायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

“माल तोच, शिक्क्याचे पैसे वेगळे”

गेल्या महिन्यात एक बाई रॉड घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, पाणी मस्त तापतं, फक्त बादलीला हात लावला की झिणझिण्या येतात.” बादली लोखंडी होती म्हणून झिणझिण्या तरी कळल्या. प्लास्टिकची असती तर थेट पाण्यात हात घातल्यावरच कळलं असतं.

रॉडवर ना शिक्का, ना कंपनीचा पत्ता. कोरडी असताना मेगर, म्हणजे वीज नीट अडवली जाते का ते मोजायचं यंत्र, लावला तर रीडिंग बरं आलं. बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा लावला, तर काटा जवळजवळ शून्यावर. मग त्यांच्यासमोरच ती करवतीने कापली. रॉडची रचना साधी असते. बाहेर धातूची नळी, मधोमध नायक्रोमची कॉइल, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली. ही पावडर उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण तिचा एक दोष आहे, ती ओल धरते. म्हणून नळीची दोन्ही टोकं नीट सीलबंद करावी लागतात. या रॉडच्या टोकांना सील म्हणून कसलासा डिंकासारखा पदार्थ चोपडला होता आणि तो तडकला होता. आतली पावडर ओल्या मिठासारखी बोटाला चिकटत होती. शिवाय कॉइल एका बाजूला सरकून नळीला टेकायच्या बेतात होती. अर्थिंगची हिरवी वायर केबलमध्ये होती, पण होल्डरच्या आत ती कशालाच जोडलेली नव्हती. तशीच कापून सोडून दिलेली.

आता सांगा, माल तोच कसा?

शिक्का लागण्याआधी वस्तूचं काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचं आपलं मूळ मानक म्हणजे आयएस ३०२. त्यात वस्तू ४८ तास दमट पेटीत ठेवतात, हवेतला ओलावा ९३ टक्क्यांच्या आसपास ठेवून. मग इन्सुलेशनवर, म्हणजे वीज अडवणाऱ्या आवरणावर, हजार व्होल्टच्या वरचा दाब मिनिटभर देऊन ते फुटतं का बघतात. तापणाऱ्या वस्तूला तिच्या लिखित वॉटेजपेक्षा १५ टक्के जास्त शक्तीवर चालवतात आणि बॉडीला किती करंट गळतो ते मोजतात. अर्थिंग असलेल्या हातातल्या वस्तूला मर्यादा पाऊण मिलिअँपिअरची. माणसाच्या बोटासारखं सांधे असलेलं एक धातूचं बोट असतं, १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब. ते प्रत्येक फटीत घालून बघतात, वीज वाहणाऱ्या भागाला लागतं का. केबल २५ वेळा ओढतात, आतला जोड हलतो का ते पाहायला.

यातली एकही चाचणी “पाणी तापतं का?” एवढंच विचारून थांबत नाही. वस्तू ओली झाली, म्हातारी झाली, कुणी ओढली, लहान मुलाने बोट घातलं, तर माणूस वाचेल का, हा त्यांचा प्रश्न आहे. मेसेज लिहिणाऱ्याला वस्तू चालते एवढंच दिसतं. त्या बाईंची रॉडही चालतच होती.

पैशाचं म्हणाल तर हो, परवान्याला फी लागते, चाचण्यांनाही लागते. पण परवाना मिळतो तो ठरावीक कारखान्याला, ठरावीक वस्तूसाठी, ठरावीक मानकाप्रमाणे. एकाच ब्रँडचे दोन कारखाने असतील तर दोन वेगळे परवाने लागतात. परवान्यानंतरही तो देणारं भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून तपासतं. आणि रॉड, इस्त्री, गीझर, वायर, स्विच यांच्या बाबतीत शिक्का ऐच्छिक नाहीच. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून या वस्तू बिनशिक्क्याच्या बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. म्हणजे मेसेज स्वस्त मालाचा सल्ला देतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो बेकायदा मालाचा सल्ला आहे.

“शिक्के खोटेही छापतात”

हे खरं आहे आणि इथे मी वाद घालणार नाही. खोटा शिक्का छापायला फार अक्कल लागत नाही. पण म्हणूनच नुसता शिक्का बघायचा नाही, त्याच्या वरचं आणि खालचं वाचायचं. वर आयएस क्रमांक असतो, म्हणजे कुठलं मानक. खाली सीएम/एल आणि पुढे आकडे, तो परवाना क्रमांक. ‘बीआयएस केअर’ नावाचं ब्यूरोचं मोफत ॲप आहे. त्यात हा क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, वस्तू, ब्रँड आणि परवाना चालू आहे का हे सगळं समोर येतं. वस्तूवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. एकदा गिऱ्हाइकाने आणलेल्या इस्त्रीवरचा क्रमांक मी टाकला, तर तो बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याचा निघाला. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

मोबाइलच्या चार्जरवर आयएसआय शोधू नका, सापडणार नाही. ॲडाप्टर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांच्यासाठी वेगळी सक्तीची नोंदणी आहे, तिची सुरुवात २०१२ च्या आदेशाने झाली. त्यावर ‘आर-’ पुढे आकडे असा क्रमांक असतो. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो.

“सीई म्हणजे आंतरराष्ट्रीय, आयएसआयच्या वर”

सीई हे युरोपीय बाजारात माल विकण्यासाठीचं चिन्ह आहे. घरगुती वापराच्या बहुतेक विजेच्या वस्तूंवर ते उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, कुणी तिसऱ्याने तपासून ते दिलेलं नसतं. युरोपात खोटं लावलं तर तिथली यंत्रणा मागे लागते. इथे विकायला आलेल्या वस्तूवर ते छापलं तर विचारणारं कोण? भारतात त्या चिन्हाला आयएसआयची जागा घेण्याचा कायदेशीर अधिकार नाही. दुसऱ्या बाजूला, “सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट” असंही एक फॉरवर्ड फिरतं, तेही चूक आहे. असं कुठलं अधिकृत चिन्ह अस्तित्वात नाही.

“एमसीबी आहे, शॉक लागणार नाही”

सगळ्या मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. शिकलेली माणसंसुद्धा ते मानतात, म्हणून इथे थोडं थांबू.

एमसीबी वायरीला वाचवतो. भार वाढून वायर तापायला लागली किंवा वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल एकमेकींना भिडल्या की तो पडतो, म्हणजे लाइन तोडतो. गीझरच्या किंवा रॉडच्या लाइनवर साधारण १६ अँपिअरचा असतो. आता माणसाचं बघा. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून जाणारा करंट २३० मिलिअँपिअर. म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताची मूठ आवळली जाते आणि माणसाला वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभरच्या घरात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. बाथरूममध्ये माणूस चिकटलेला असेल तर या एमसीबीला तो एक लहानसा बल्ब लागल्याइतकाच वाटतो. तो पडत नाही, कारण पडायचं त्याला काही कारणच नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत मोजतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय, की सेकंदाच्या अंशात तो लाइन तोडतो. दिसायला एमसीबीचाच भाऊ, पण अंगावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं एक बटण असतं. तुमच्या बोर्डात असं बटण नसेल तर तुमच्याकडे आरसीसीबी नाही. असेल तर महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही, तर तो असून नसल्यासारखा.

“तिसरी पिन दिखाऊ”

मग ती इतर दोन पिनांपेक्षा लांब का केली असेल? टॉप, म्हणजे प्लग, सॉकेटमध्ये घालताना सगळ्यात आधी अर्थिंग जुळावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. जाड एवढ्यासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. वस्तूची बॉडी धातूची असेल आणि आत फेज बॉडीला लागला, तर त्या करंटला जमिनीत जायला सोपी वाट या पिनेतून मिळते. ती वाट तोडली की उरलेली वाट म्हणजे तुमचा हात.

अर्थिंग असलं की एमसीबी दरवेळी पडेलच असंही नाही. आपल्याकडे खड्ड्यातलं अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं, रोध वाढतो, आणि एमसीबी लगेच पाडायला लागतो तेवढा करंट त्यातून जात नाही. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही लागतात, एकावर भागत नाही.

दोन पिनांची प्रत्येक वस्तू वाईट असते असं मात्र कुणी समजू नये. चार्जर, ड्रिल मशीन अशा काही वस्तूंवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंग लागतच नाही. त्या कारखान्यातूनच दोन पिनांच्या निघतात. तीन पिनांची वस्तू पक्कड घेऊन दोन पिनांची करणं ही निराळी गोष्ट.

एक हिशेबही सांगतो. १५०० वॉटची रॉड साडेसहा अँपिअर ओढते. तिला सहा अँपिअरचा बारका टॉप लावून हॉलमधल्या टीव्हीच्या एक्स्टेंशनवर चालवलेली मी दर हिवाळ्यात बघतो. टॉप पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वास येतो.

“आजोबांनी कुठे शिक्के बघितले होते?”

आजोबांच्या घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ होता. पाणी बंबात तापायचं. आणि शिक्का तेव्हाही होता. भारतीय मानक संस्था १९४७ सालची आणि प्रमाणन चिन्हांचा कायदा १९५२ चा.

“ऑनलाइन साडेचार स्टार आहेत, म्हणजे तपासलेलंच असणार”

हे मूळ मेसेजमध्ये नव्हतं, खाली एकाने जोडलं. मार्च २०२५ मध्ये ब्यूरोच्या पथकाने दिल्लीतल्या मोहन कोऑपरेटिव्ह भागात ॲमेझॉन सेलर्सच्या गोदामावर छापा घातला. पंधरा तास चाललेल्या तपासणीत बिनशिक्क्याच्या किंवा खोट्या शिक्क्याच्या ३,५०० हून जास्त विजेच्या वस्तू जप्त झाल्या, त्यात गीझर आणि मिक्सर होते. किंमत सुमारे ७० लाख. स्टार देणाऱ्याने पाणी तापलं म्हणून स्टार दिलेला असतो. त्याच्याकडे मेगर नसतो.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर, मेसेज पहिल्यांदा टाकणारे आमचे शेजारचे काका संध्याकाळी दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत रॉड. तीन पिनांचा टॉप काढून दोन पिनांचा लावलेला. शिक्क्याच्या जागी नुसतं ‘बेस्ट क्वालिटी’. म्हणाले, “टॉप बदलून देतोस का?” मी म्हटलं, “काका, टॉप बदलून ही सुधारणार नाही.” मग त्यांनी विचारलं, भंगारात देऊ का. मी नको म्हटलं. भंगारातून ती नवी वायर लावून पुन्हा बाजारात येते, तशा मी बघितल्या आहेत. करवत त्यांच्याच हातात दिली आणि रॉड त्यांनी स्वतः मधोमध कापली.