युनेस्कोची यादी म्हणजे मनीऑर्डर नव्हे

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ आपल्याकडचे, एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘किल्ले आता युनेस्कोच्या ताब्यात. कोट्यवधींचा निधी येणार. गडावर राहणाऱ्यांना खाली उतरवणार, पण पायथ्याच्या गावांचं सोनं होणार.’ पाठवणारी माणसं चांगली शिकलेली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

‘ताब्यात’? नाही. रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग धरून आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे होते आणि आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या खात्याकडे. यादीने सातबारा बदलत नाही.

‘निधी’? युनेस्कोकडे वारसा निधी आहे, पण तो वर्षाला काही दशलक्ष डॉलरचा आणि यादीतली स्थळं १२०० हून जास्त. देखभालीचा खर्च ज्या त्या देशाने करायचा असतो.

‘खाली उतरवणार’ या वाक्याने पन्हाळ्यावरच्या लोकांची झोप उडवली होती. जैसलमेरचा किल्ला २०१३ पासून यादीत आहे आणि आत आजही माणसं राहतात. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरात नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरात परवानगीने, हा आपल्याच १९५८ च्या कायद्यातला नियम, २०१० च्या दुरुस्तीने आलेला. घर दुरुस्त करायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, हा त्रास खरा आहे. फक्त राग चुकीच्या पत्त्यावर चाललाय.

राहिलं ‘सोनं’. रविवारी सकाळी राजगडाखाली गुंजवण्यात उभं राहा. शहरातून बस येते, पोह्यांचे डबे बसमध्येच असतात, माणसं गड चढतात, उतरतात, निघून जातात. गावात राहतात त्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्याच गावात आम्ही ज्या मावशींकडे जेवतो, तिथे भाकरीचा तांदूळ घरच्या खाचरातला आणि ताक शेजारच्या म्हशीचं. एका पानाचे पैसे दोन-तीन घरांत फिरतात. मावशींची मागणी एकच: “आदल्या राती फोन करा, म्हंजी पीठ तेवढंच दळते.” एवढा साधा फोनही बहुतेक ग्रुप करत नाहीत. (आम्हीही दोनदा विसरलोय.)

गर्दी वाढली की पैसा गावात आपोआप मुरतो, असं होत नाही. रायगडावर काढलेल्या तिकिटाचे पैसे केंद्राच्या तिजोरीत जातात, पायथ्याच्या ग्रामपंचायतीत नाही. उलट उदाहरण साताऱ्याजवळ आहे. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर यादीत आलं. तो निसर्गवारसा, मान्य. पण तिथे आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर बसून फुलांच्या हंगामात शुल्क घेते, गावातलीच पोरं राखणीला उभी करते आणि दिवसाला ३००० च्या वर माणूस आत सोडायचा नाही असं ठरवते. यातलं काहीच युनेस्कोने पाठवलेलं नाही.