बेवारस ओल

गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पोहोचले की कमरेपर्यंत, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. आमच्या बैठकीच्या खोलीत हेच काम भिंतीवरची दिनदर्शिका करते. वरून उतरणारी ओल खिळ्यापर्यंत आली तेव्हा घरात कोणी मनावर घेतले नाही, पण ती चतुर्थी ओलांडून एकादशीच्या चौकोनात शिरली, तेव्हा प्लंबरला बोलावण्याचे ठरले.

थंड देशांत पाईपमधले पाणी गोठते, बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि पाईप फुटतो. आपल्याकडे निफाडचा पारा कितीही घसरला तरी धास्ती द्राक्षबागांना असते, पाईपांना नाही. आमच्या इमारतीतील पाईप थंडीवाचूनही फुटू शकतात. जुने जीआय पाईप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप) आतून गंजतात, बंद राहिलेले पाणी पुन्हा सुटले की आत अडकलेली हवा आणि पाण्याचा लोंढा मिळून सांध्यांना धक्के देतात, आणि टाकी गच्चीवर असल्यामुळे दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब खालच्या मजल्यांवर वाढत जातो. तळमजल्यावरच्या नळांना पाणी जोरात येते आणि त्यांचे वॉशरही लवकर झिजतात. वरच्या मजल्यावरच्यांना यातल्या पहिल्या गोष्टीचा हेवा वाटतो आणि दुसरी ठाऊक नसते.

प्लंबरने भिंतीवर टकटक केली, छताकडे पाहून सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "साहेब, फोडल्याशिवाय काही सांगता येणार नाही." या व्यवसायातील बहुतेक निदाने हातोड्याने होतात, असे माझे मत आहे. त्याची एक गोष्ट मात्र खरी होती: पाणी स्लॅबमध्ये मिळेल त्या फटीने सरकत जाते, त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल, असे नसते.

वरच्या मजल्यावरचे काका अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. "आमच्याकडे एक थेंबसुद्धा वाया जात नाही," असे ते म्हणत असताना त्यांच्या स्वयंपाकघरातील नळ सेकंदाला एक थेंब या गतीने ठिबकत होता. दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे जवळपास २० लीटर पाणी होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. "म्हणून तर खाली बादली ठेवली आहे, कुंड्यांना घालतो," असे उत्तर आले, आणि त्यावर मला काही सुचले नाही.

अखेर फोडण्याआधी नीळ वापरून पाहावी, असे ठरले. काकांच्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड बंद करून निळीचे पाणी साठवून ठेवले आणि काही दिवसांनी आमच्या भिंतीवरची एकादशी निळसर झाली. ट्रॅपच्या कडेचा सांधा सुटला होता. काकांनी पुरावा बारकाईने तपासला आणि म्हणाले, "पण नीळ तर तुम्हीच आणली होती!"

खर्चाचा प्रश्न सोसायटीच्या सभेत गेला. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने आणि घरातील न्हाणीघर, सिंक वगैरेंची गळती सभासदाने दुरुस्त करायची असते. सभेचा बराच वेळ नहाणी ट्रॅप आत मोडतो की बाहेर, यावर गेला. शेवटी काकांनी मोठ्या मनाने पैसे दिले; सांधा भरून झाला, वॉटरप्रूफिंगवर २४ तास पाणी उभे करून पाहिले आणि मगच फरशी बसली.

कामासाठी विंगेचे पाणी बंद करायला गेलो, तर व्हॉल्व्ह जाम झालेला निघाला, कारण इमारत उभी राहिल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता. ऐनवेळी पाईप फुटला असता तर तो व्हॉल्व्ह केवळ शोभेचा ठरला असता. व्हॉल्व्ह बदलून तो अधूनमधून बंद-चालू करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. तो कोणी फिरवायचा, यावर एकमत न झाल्याने ते काम वॉचमनकडे गेले. त्याने पहिल्याच रविवारी व्हॉल्व्ह मनोभावे बंद केला आणि पुन्हा चालू करण्याचा भाग ठरावात स्पष्ट नसल्यासारखा तो जेवायला घरी निघून गेला. त्या दिवशी आमच्या विंगेत कुठेही गळती आढळली नाही.