‘घरच्यांची सोय’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झालेल्या माजी सैनिकांनी व्हिडिओ कॉलवर घरीच करायच्या व्यायामांवर मी लिहिलं होतं. त्यावर ‘या क्षेत्रातला अनुभवी’ एवढीच ओळख देऊन तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. फिजिओचा हात लागल्याशिवाय तो उपचार नव्हे. पेशंट पडला तर जबाबदार कोण? अमेरिकेतल्या माजी सैनिकांचे अभ्यास ठाण्यात काय कामाचे? आणि शेवटी, ‘मोबाईलसमोर हातपाय हलवणे ही पेशंटची नव्हे, घरच्यांची सोय आहे.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हा सूर पेशंटच्या बायकोशी बोलायचा नाही. मी कोण आहे हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात होतं. म्हणजे ते वाचूनच तुम्ही हे लिहिलंत.

सोय म्हणालात ना, मग ऐका. माझे मिस्टर नौदलात होते. त्यांच्या डाव्या पायाचा चवडा उचलत नाही. डावी चप्पल पुढच्या टोकाला घासून पातळ होते, उजवी नवीच्या नवी राहते. अशा माणसाला घेऊन वर्तकनगरहून रिक्षा, ठाणे स्टेशनचा पूल, लोकल, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी अशा फिजिओच्या वाऱ्या मी वर्षानुवर्षं केल्यात. पुलावर मागची माणसं ‘चला, चला’ करत असतात आणि हे कठडा धरून एकेक पायरी चढतात. एप्रिल-मेमध्ये तिथे पोचेपर्यंत पाय लुळे पडायचे. त्या पायांवर तपासणी व्हायची आणि कागदावर यायचं, ‘ताकद कमी झाली आहे.’ घरी येऊन अंग गार झालं की तेच पाय पुन्हा चालायचे.

हे काही मी मनचं सांगत नाही. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण जातं, आणि अंग जरा तापलं तरी तिथून जाणारा संदेश अडखळतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हेच टिपलं होतं. त्याच्या रुग्णांची नजर व्यायामाने तात्पुरती अंधुक व्हायची. पुढे कित्येक दशकं डॉक्टर या रुग्णांना ‘दमू नका, पडून राहा’ असंच सांगत राहिले. 1996 मध्ये अमेरिकेत 15 आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचा दमसास आणि ताकद, दोन्ही वाढलेलं दिसलं. मग चित्र पालटू लागलं. तेव्हा व्यायाम हवाच, पण अंग तापू न देता. ठाण्यात ते घरी जमतं, लोकलने जाऊन जमत नाही.

आमच्याकडे ऊन चढायच्या आत सुरुवात होते. पंखा चालू, मानेवर ओला नॅपकिन, हात स्वयंपाकाच्या ओट्यावर. फोन मी मसाल्याच्या डब्याला टेकवून बाजूने लावते, कारण उभं राहताना गुडघा मागे झुकतो ते समोरून दिसत नाही. पलीकडून फिजिओ मॅडम म्हणतात, ‘काका, गुडघा लॉक झाला, किंचित सैल करा,’ आणि हे करतात. मी मागे खुर्ची धरून उभी. त्यानंतर आंघोळ, जेवण, पेपर, सगळं त्यांचं ते करतात, कारण अंगातली ताकद पुलावर संपलेली नसते. यात सोय माझी झाली असं तुम्हाला कुठून दिसलं? तुम्ही कधी कुणाला धरून तो पूल चढला आहात का?

अमेरिकेचं म्हणाल, तर अपंगत्व मोजायची ईडीएसएस पट्टी तुम्ही स्वतःच प्रतिक्रियेत वापरली आहे. ती 1983 मध्ये जॉन कुर्ट्झके यांनी मांडली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत काम केलेले डॉक्टर ते. पट्टी तिथली चालते आणि व्यायाम तेवढा चालत नाही, हे कसं? 2008 मधल्या ज्या प्रयोगाला तुम्ही नाक मुरडलंत, त्यात 12 रुग्णांनी 12 आठवडे घरून व्यायाम केला आणि त्यांची चाल व तोल सुधारला. 12 जण थोडेच, हे तुमचं म्हणणं मान्य. पावसाळ्यात रेंज जाते, चित्र गोठतं, हेही मान्य.

हात लागण्याबद्दल एवढंच, की पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हायला हवी, आणि मी तसंच लिहिलं होतं. पडण्याचा मुद्दाही लेखात होता. ज्यांचा तोल जातो त्यांनी कुणी जवळ असल्याशिवाय उभ्याचे व्यायाम करू नयेत, खुर्चीतले करावेत. त्यावर वेगळा वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण ते ‘घरच्यांची सोय’ मागे घ्या. इथे वाचणाऱ्या कितीतरी बायका, आया आणि मुली रोज सकाळी माझ्यासारख्याच खुर्ची धरून उभ्या असतात.