गाणं ऐकू नका, मत द्या

सर्वांत आधी एक गैरसमज मनातून काढून टाका. गाण्यावर मत द्यायचं तर गाणं ऐकावं लागतं, असं तुम्हाला लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असणार. बहुधा पेटीच्या क्लासच्या बाईंनी. ते मनावर घेऊ नका. गाणं ऐकणारा माणूस मतांच्या बाबतीत फार कच्चा राहतो. तो म्हणतो, "विलंबित छान जमलं, द्रुतमध्ये जरा घाई झाली, तराणा मात्र सुरेख." असल्या मतावर कुणी भांडत नाही, आणि ज्यावर कुणी भांडत नाही ते मत ठाण्याच्या पुढे जात नाही.

मुंबईत मत उभं राहतं ते हजेरीवर. "मी होतो" एवढं म्हणता आलं की पुढचं सगळं आपोआप येतं.

सरावासाठी मायकल जॅक्सन उत्तम. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडा संकुल, भारतातला त्याचा एकमेव कार्यक्रम. शिव उद्योग सेनेने तो आणला, करमणूक कराच्या माफीवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो 'मातोश्री'वर जाऊन आला, हे सगळं तेव्हाच पेपरात छापून आल्यामुळे निर्धास्तपणे सांगता येतं. आज पन्नाशीच्या आगेमागे असलेला एकही मुंबईकर त्या रात्री घरी नव्हता. सगळे अंधेरीत होते. विरारचे होते, डोंबिवलीचे होते, तिकीट कसं परवडलं असं विचारल्यावर "आपली एक ओळख होती" म्हणणारे तर सगळ्यांत पुढे होते. या सगळ्यांना खरोखरच आत घ्यायचं ठरवलं असतं तर क्रीडा संकुलाची भिंत जोगेश्वरीत बांधावी लागली असती.

तुमचं वय कमी पडत असेल तर वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला म्हणा. मात्र तपशील जपून वापरा. धूर, टोपी, किंकाळ्या, बेशुद्ध पडलेल्या मुली, हे कुठल्याही सभेत चालतं. कोणतं गाणं कोणत्या गाण्यानंतर झालं, याच्या वाटेला जाऊ नका. खरोखर गेलेला एखादा माणूस समोर असतो. सुदैवाने ही माणसं फारसं बोलत नाहीत, कारण ती इतकी मागे उभी होती की त्यांना माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसलंच नाही.

रॉकवाल्यांत वावरायचं असेल तर नुसती हजेरी पुरत नाही. तिथे समोरच्याची गैरहजेरी सिद्ध करावी लागते. कुणी म्हणालं, "रॉजर वॉटर्सला मी २००७ ला बीकेसीत ऐकलं," तर लगेच भारावून जाऊ नका. सावकाश विचारा, "अच्छा, म्हणजे २००२ ला बंगळुरूला नव्हतास?" दुसरा कुणी आयर्न मेडनचा २००८ चा मुंबईतला कार्यक्रम काढेल. त्याच्यासाठी २००७ चं बंगळुरू आहेच. मुंबईकराला मुंबईकराने चारचौघांत पाडायचं असेल तर बंगळुरूइतकं सोयीचं शहर नाही. एरवी आपण त्या शहराचं पाणी, रस्ते, रिक्षावाले यांच्याबद्दल काय बोलतो ते तेवढ्यापुरतं विसरावं.

मुंबईच्याच जोरावर जिंकायचं असेल तर रंगभवन आहे. धोबी तलावचं उघडं नाट्यगृह. तिथे इंडिपेन्डन्स रॉक व्हायचा, जॅझ यात्रा भरायची. आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेजं असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि मैफली बंद पडल्या. इथे तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचं आहे: "रंगभवन बंद झालं तेव्हाच या शहरातला रॉक संपला." हे बोलून झालं की समोरच्याकडे न बघता चहाचा घोट घ्या. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हा संगीत महोत्सव भरतो, २०२५ ला तिथे ग्रीन डे वाजवून गेले, असलं काही समोरचा सांगू लागला तर "तो फूड फेस्टिव्हल ना?" एवढंच विचारा.

सगळ्यांत सुरक्षित कार्यक्रम म्हणजे रद्द झालेला. मेटॅलिका २०११ ला पहिल्यांदा भारतात आले, तेव्हा दिल्लीजवळ गुरगावला त्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि दोन दिवसांनी बंगळुरूला झाला. तुमच्याकडे गुरगावचं तिकीट होतं. विमानाचंही होतं. या दुःखापुढे बंगळुरूला जाऊन आलेलेसुद्धा नरमतात, आणि उलटतपासणीला जागाच नाही, कारण न झालेल्या कार्यक्रमाचा साक्षीदार कुठून आणणार?

आता शास्त्रीयकडे वळू. इथे मेहनत जास्त आहे, पण फळही तसंच आहे.

पहिली गोष्ट, कलाकाराचं आडनाव घेऊ नका. आडनाव घेतलंत की तुम्ही बाहेरचे. दीदी, ताई, बाबूजी, कुमारजी, झाकीरभाई अशी घरातल्यासारखी नावं घ्यायची. अण्णांच्या बाबतीत मात्र सांभाळून. एका घोळक्यात अण्णा म्हणजे भीमसेन जोशी आणि दुसऱ्यात सी. रामचंद्र. दोन माणसं अर्धा अर्धा तास "अण्णांसारखा माणूस पुन्हा होणे नाही" यावर एकमत करत बसली आणि एक किराणा घराण्यावर बोलत होता, दुसरा हिंदी सिनेमातल्या चालींवर, असं होऊ शकतं. तशी वेळ आली तर खुलासा करू नका. मुंबईत दोन रसिकांचं एकमत होणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की ती कारणासकट मोडण्यात अर्थ नाही.

किशोरीताईंबद्दल बोलायला जयपूर घराण्याचा अभ्यास वगैरे लागत नाही. ताई तुमच्यावर रागावल्या होत्या, एवढं पुरे. श्रोत्यांची चुळबूळ त्यांना खपत नसे हे जगजाहीर आहे आणि त्याचा फायदा घेऊन मुंबईतल्या निम्म्या रसिकांनी आपापला प्रसंग तयार ठेवला आहे. कुणी खोकला होता, कुणी तिसऱ्या रांगेतून उठला होता, कुणाच्या मांडीवरच्या पिशवीतलं प्लास्टिक वाजलं होतं. त्या दिवशी राग कुठला होता, हे कुणी विचारत नाही. ताईंचा होता, सगळ्यांना तेवढं पुरतं.

प्रत्यक्ष मैफलीला जाणं टाळता आलं नाही, तर दाद द्यावी लागते. विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात जा आणि आधी जागा बघून घ्या. गायक नीट दिसतो की नाही हे महत्त्वाचं नाही, झब्ब्यातले साठीपुढचे एक काका दिसले पाहिजेत. असे काका प्रत्येक मैफलीत असतात, कधी चौथ्या रांगेत, कधी कडेच्या खुर्चीवर. त्यांच्या उजव्या हातावर नजर ठेवा. तबलजीची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणारा तुकडा, सुरू झाली की तो तळवा मांडीवरून दोन बोटं वर येतो आणि तसाच थांबतो. काका श्वासही रोखून धरतात. तळवा खाली आदळला की त्याच क्षणी "क्या बात है!" म्हणायचं. आधी नाही, नंतर तर नाहीच. काकांची सम चुकली तर तुमचीही चुकेल, पण काळजी नको. दोघांची एकदम चुकली की आसपासच्या लोकांना वाटतं, गायकच चुकला.

आलापीला हात उपयोगाचा नाही. तिथे डोळे मिटा, मान दोन्हीकडे नकारार्थी हलवा आणि जिभेने हळूच "च्च" करा. नवख्या माणसाला वाटेल तुम्हाला गाणं आवडलं नाही. आपल्याकडे मात्र ही सगळ्यांत वरची दाद आहे आणि हिला ताल लागत नाही, त्यामुळे चुकायची भीतीही नाही. मध्यंतरात बटाटावडा खाताना "आज आवाज लागला नाही हो बुवांचा" असं म्हणून ठेवा. हे वाक्य वड्याचा पहिला घास तोंडात असताना म्हणायचं, म्हणजे कुणी "कुठे?" असं विचारलं तर हाताने थांबा अशी खूण करता येते. घास संपेपर्यंत तिसरी घंटा होते.

दहाच्या नियमाबद्दल हळहळणं हे रसिकाचं कर्तव्य आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, हा नियम २००० सालचा. तेव्हापासून मैदानातल्या, गणपतीच्या मांडवातल्या रात्र रात्र चालणाऱ्या मैफली गेल्या. दरबारी, मालकंस, अडाणा हे उतरत्या रात्रीचे राग संध्याकाळीच उरकावे लागतात किंवा राहून जातात. हे खरं आहे आणि वाईटही आहे. म्हणून तुम्ही म्हणायचं, "पहाटे तीनला दरबारी ऐकलेला माणूस मी, आता या आठ वाजताच्या दरबारीत काय राम!" हे म्हणून घड्याळ बघायचं आणि पावणेदहाची बोरिवली चुकू नये म्हणून गायकाचा शेवटचा ख्याल सुरू असतानाच पिशवी उचलून, वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडायचं. अर्धं सभागृह तुमच्याबरोबर असतं. रात्रभराच्या मैफलींसाठी सगळ्यांत जास्त हळहळणारी माणसं बाहेरच्या रिक्षाच्या रांगेत भेटतात.

झाकीरभाईंच्या बाबतीत वरचे नियम थोडे बदलतात. ते माहीमचे, म्हणजे माहीम ते दादर या पट्ट्यातल्या प्रत्येकाचे शेजारी. दर ३ फेब्रुवारीला, वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्या स्मृतिदिनी, षण्मुखानंदमध्ये भल्या सकाळी मैफल सुरू व्हायची आणि त्या वेळी किंग्ज सर्कलला लोक स्वेटर घालून रांगेत उभे असायचे. मुंबईत स्वेटर घालायची तेवढीच संधी. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले आणि त्या रांगेत आपणही होतो हे शहराला एकदम आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल तर संकोच करू नका. फक्त रांगेत चहा कितीला होता ते सांगू नका, कारण तिथे बरोबर आकडा माहीत असणारे पुष्कळ आहेत.

लता की आशा, हा वाद घरचा आहे, तो मिटवायला जाऊ नका. दोघी बहिणी पेडर रोडच्या प्रभुकुंजमध्ये एकाच छपराखाली राहिल्या, त्यांची भांडणं मात्र गिरगावापासून गोरेगावपर्यंतच्या जेवणाच्या टेबलांवर चालत आली आहेत. दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या की आमटीची वाटी पुढे सरकवत खालच्या आवाजात "गीता दत्त" म्हणा. घरात एखादी मुरलेली आत्या असेल तर ती तेवढ्यात "राजकुमारी दुबे" म्हणून तुमच्यावर मात करेल. आत्यांशी स्पर्धा करू नये.

राहता राहिलं कोल्डप्ले. इथे संगीताचा प्रश्नच येत नाही, प्रश्न तिकिटाचा. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी आपण सगळे कुठे होतो ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. रांगेत होतो, घरातच. तीन मोबाईल, एक लॅपटॉप, आईचं क्रेडिट कार्ड आणि स्क्रीनवर काही लाखांतला एक नंबर. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर होते, पण मिळालं ते कितीला आणि कुणाकडून, हे सांगताना आवाज थोडा खाली आणायचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री झाल्या. लुकलुकणारा पट्टा प्रत्येकाच्या मनगटावर होता आणि निघताना तो परत करायचा होता. ज्याने प्रामाणिकपणे परत केला त्याच्याकडे आज काही पुरावा नाही. ज्याने बाहीत सरकवून जुईनगर स्टेशन गाठलं, त्याच्या शोकेसमध्ये तो ऑफिसच्या ट्रॉफीशेजारी दिसतो, आणि पाहुण्यांपुढे कोल्डप्लेवर बोलायचा अधिकार त्याचाच.

तुम्हाला तिकीट मिळालंच नसेल तर २०१६ ला परत जा. १९ नोव्हेंबर, बीकेसीचं मैदान, नोटाबंदीला अकरा दिवस झालेले. "खिशात शंभराची नोट नव्हती, पण आम्ही गेलो. तेव्हा ते ऐकण्यासारखे होते." या वाक्यात पैशाची हलाखी, इतिहास आणि तुच्छता असं सगळं येतं. पस्तीस हजारवाला गप्प बसतो.

एवढं सगळं साधल्यावरही एक धोका उरतो. एखादा साधा माणूस, बहुतेक शेजारचा, मनापासून विचारतो, "काय काय गायले हो?" त्याचा काही डाव नसतो, म्हणून त्याला टाळता येत नाही. शास्त्रीय मैफल असेल तर थोडं आकाशाकडे बघून म्हणा, "बाकी सोडा हो, शेवटची भैरवी!" बहुतेकांची भैरवी होतेच, आणि ती तुम्ही गाडी पकडायला निघाल्यावर झालेली असते. कोल्डप्लेबद्दल विचारलं तर मात्र भैरवी म्हणू नका. तिथे लाइटिंग म्हणा.