पार्नेलला म्हणे बाईने बुडवलं!

एकोणिसाव्या शतकातला आयरिश पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल याची एक ठरीव गोष्ट सगळीकडे फिरते. कुळाच्या घरातला गरीब कॅथलिक पोर, जमीनदारांचा कर्दनकाळ, आयर्लंडला होमरूल, म्हणजे स्वतःचा कारभार, मिळवून देणारच होता; तेवढ्यात एका विवाहितेच्या नादी लागला, तिचा सुखाचा संसार मोडला, नवऱ्याला कळताच त्याने कोर्टात खेचलं आणि आयर्लंडचं स्वातंत्र्य तीस वर्षं लांबलं. ऐकायला झकास आहे. तपासायला घेतली की फारसं काही हाती उरत नाही.

‘गरीब कॅथलिक’ तर सरळच चूक. पार्नेल १८४६ मध्ये विक्लो परगण्यात अ‍ॅव्हनडेलच्या वाड्यात जन्मला, तोही प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या घरात. पणजोबा सर जॉन पार्नेल आयर्लंडचे अर्थमंत्री होते. ब्रिटनमधल्या विलीनीकरणाला विरोध केला म्हणून त्यांचं पद गेलं. आई डेलिया अमेरिकन, नौदलातल्या कमोडोर स्टुअर्टची मुलगी. वडील १८५९ मध्ये वारले आणि अ‍ॅव्हनडेल तेरा वर्षांच्या पोराच्या नावावर आलं.

‘जमीनदारांचा कर्दनकाळ’ हे अर्धवट खरं. १८७९ मध्ये तो कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीगचा अध्यक्ष झाला आणि कुळांना त्याने संघटित केलं, यात वाद नाही. पण लीगमागचं डोकं मायकेल डेव्हिटचं. त्याच्या आईबापांना तो लहान असतानाच जमिनीवरून हुसकून लावलं होतं. डेव्हिटला जमीन राष्ट्राच्या मालकीची हवी होती. पार्नेलचं म्हणणं, कुळांनी ती विकत घ्यावी, म्हणजे जमीनदारालाही मोबदला मिळेल. त्याची स्वतःची इस्टेट कर्जाने गहाण पडली होती. १८८३ मध्ये त्याच्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली, रोमने, म्हणजे पोपच्या दरबाराने, बिशपांना त्यापासून लांब राहायला बजावलं, आणि त्या चिडीपोटी रक्कम फुगून सुमारे ३७ हजार पौंडांवर गेली. जमीनदाराचं गहाण सोडवायला कुळांनी वर्गणी दिली!

घरातली खरी जहाल होती बहीण अ‍ॅना. पार्नेल तुरुंगात असताना बायकांची लँड लीग तिने चालवली. सुटून आल्यावर त्याने त्या संघटनेचा पैसा तोडला. अ‍ॅना त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही.

आता तो ‘सुखाचा संसार’. कॅप्टन विल्यम ओ'शे आणि कॅथरीन यांचं लग्न १८६७ चं. पार्नेल तिला १८८० मध्ये भेटला तेव्हा नवरा-बायको बरेचसे वेगळेच राहत होते. कॅथरीन लंडनजवळ एल्थमला, म्हाताऱ्या श्रीमंत मावशीच्या शेजारी. घरखर्च मावशीकडून, कॅप्टनलाही पैसे तिथूनच. नवऱ्याला उशिरा कळलं म्हणावं तर १८८१ मध्येच त्याने पार्नेलला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं. पुढे काहीच घडलं नाही. १८८६ च्या फेब्रुवारीत पार्नेलने स्वपक्षाच्या नाकावर टिच्चून या गृहस्थाला गॉलवेतून खासदार म्हणून निवडून आणलं. त्याच वर्षी मे महिन्यात एल्थमजवळ पार्नेलच्या गाडीची एका मळेवाल्याच्या गाडीशी टक्कर झाली आणि त्याच्या तिथल्या मुक्कामाची बातमी छापून आली. कॅप्टन तरी गप्पच.

का? पैसा मावशीचा होता. १८८९ च्या मे महिन्यात मावशी वारली आणि लाखाहून अधिक पौंड एकट्या कॅथरीनच्या नावे ठेवून गेली. नातेवाइकांनी मृत्युपत्राला हरकत घेतली, रक्कम अडकली, आणि त्याच डिसेंबरात ओ'शेने घटस्फोटाचा दावा लावला. माझ्या मते इथे अब्रूपेक्षा तिजोरीचा हिशेब जास्त होता. पार्नेलने बचावच केला नाही, कारण त्याला कॅथरीन मोकळी होऊन हवी होती. त्यामुळे मोलकरणीने सांगितलेली, नवरा येताच पार्नेल आगीच्या वेळच्या शिडीवरून पळाल्याची गोष्ट उलटतपासणीविना लोकांच्या तोंडी बसली. निकालात सोळा वर्षांखालच्या मुलांचा ताबा ओ'शेला मिळाला. त्यात कॅथरीनला पार्नेलपासून झालेल्या दोन्ही मुलीही आल्या. ‘फसवला गेलेला नवरा’ एवढं मिळवून बाहेर पडला.

राहिलं राजकारण. घटस्फोटानंतर इंग्लंडमधले कडवे प्रॉटेस्टंट लिबरल मतदार बिथरले, म्हणून होमरूलला साथ देणाऱ्या लिबरल पक्षाचा नेता ग्लॅडस्टन याने, पार्नेल नेता राहिला तर आपलं नेतृत्व निरर्थक ठरेल असं कळवलं. आयरिश बिशपांचा जाहीर निषेध त्याच्या मागून आला. पार्नेलही हटून बसला. त्याचा आयरिश पक्ष फुटला आणि १९०० पर्यंत सांधला नाही, हे नुकसान खरंच. पण जे लांबलं म्हणतात ते स्वातंत्र्य नव्हतंच, ब्रिटिश साम्राज्यातलं होमरूल होतं. त्याचं पहिलं विधेयक १८८६ मध्येच, दाव्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटिश संसदेच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, ३४३ विरुद्ध ३१३ असं पडलं, तेही लिबरल पक्षातल्याच ९३ जणांनी विरोधात मत दिल्यामुळे. दुसरं १८९३ मध्ये, पार्नेल जाऊन दोन वर्षं झाल्यावर, फुटलेल्या पक्षासह कॉमन्समधून पार पडलं. वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्सनी ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळलं. कॅथरीन पार्नेलला कधी भेटलीच नसती तरी ते ४१९ जण तिथेच बसलेले असते.